खुर्जीची वाट

श्रोतेहो, दाभोळहून धोपाव्याला येणाऱ्या फेरीबोटीवर सुट्टीच्या दिवसांत गाड्यांच्या रांगेत चार-दोन मोठ्या मोटरसायकली हमखास उभ्या दिसतात. बसकी सीट, रुंद हँडल, पाय पुढे सोडून आरामात बसायची सोय. या प्रकारच्या गाडीला क्रूझर म्हणतात. पुण्या-मुंबईकडून आलेली ही मंडळी अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपगृह पाहायला, नाहीतर पुढे गुहागर-वेळणेश्वराला निघालेली असतात. त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन फुगीर पिशव्या लोंबत असतात. या पिशव्यांना काय म्हणतात, असं विचारलं तर ताबडतोब उत्तर येतं, ‘सॅडलबॅग’. आणि मराठीत? इथे मात्र बहुतेक जण गप्प होतात.

मराठीत तिला नाव आहे, आणि ते घोड्याच्या काळापासून आहे. ते नाव म्हणजे खुर्जी. मधोमध जोडलेल्या दोन पिशव्या, जनावराच्या पाठीवर आडव्या टाकायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. कुणी खुरजी म्हणतात, कुणी खुर्जी. तीच वस्तू माणसाच्या खांद्यावर आली की तिची पडशी होते. आज या खुर्जीची गोष्ट सांगायची आहे. ही गोष्ट नुसती शब्दाची नाही. दोन बाजूंना ओझं कसं लादावं हे ज्ञान आपल्या घाटवाटांवर शेकडो वर्षं वापरात होतं. ते विसरलं गेलं, आणि आता वेगवान यंत्रावर बसलेल्या तरुणाला ते पुन्हा शिकावं लागतं आहे. कधी कधी रस्त्यावर आपटून.

आता या गोष्टीत अंजनवेल कुठून आलं? अंजनवेल हे वाशिष्ठी नदीच्या मुखावरचं गाव. खाडीच्या उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला अंजनवेल. दाभोळचं नाव जगभर गाजलं, अंजनवेल त्याच्या सावलीत राहिलं. अगदी अलीकडचा ‘दाभोळ’ वीज प्रकल्पसुद्धा प्रत्यक्षात उभा राहिला तो अंजनवेलच्या बाजूला! पण या गावाचा मान जुना आहे. विजापूरच्या आदिलशाहीत इथे किल्ला बांधला गेला. शिवकाळात तो मराठ्यांकडे आला. १६९९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने तो घेतला. १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी तो सिद्दीकडून जिंकला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिलं. पुढे दहाएक वर्षांत तो पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. पेशवाईत अंजनवेल हे तालुक्याचं ठाणं होतं.

एवढ्या हातांतून हा किल्ला का फिरला असेल? खाडीतून आत जाणाऱ्या मालासाठी. गलबतातला माल किल्ल्याच्या तोफांच्या टप्प्यातून खाडीत शिरायचा आणि भरतीच्या पाण्यावर पार गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या दाराशी पोचायचा. तिथून पुढे समोर सह्याद्रीची भिंत. तिथे होडी संपायची आणि पाठ सुरू व्हायची. बैलाची पाठ, घोड्याची पाठ, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याची स्वतःची पाठ.

या खाडीत माल यायचा तसे घोडेही यायचे. १४७० च्या आगेमागे अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी बहामनी राज्यात हिंडला. तो स्वतः एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. त्या एका घोड्यापायी जुन्नरला त्याच्यावर भलतंच संकट आलं. तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन म्हणून सांगितलं. सुदैवाने घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. परतीच्या प्रवासाला तो निघाला तो दाभोळहून. त्याने दाभोळचं वर्णन मोठं बंदर म्हणून केलं आहे. अरबस्तान, खुरासान अशा ठिकाणांहून घोडे इथे उतरतात, हे त्याने नोंदवलं आहे. बिदर-गुलबर्ग्याला तिथून जमिनीने महिनाभराची वाट, असंही तो सांगतो. त्या महिनाभराच्या वाटेचा पहिलाच कठीण टप्पा म्हणजे आपला घाट.

घोडे आले तसे घोड्यांबरोबरचे शब्द आले. लगाम, रिकीब, तंग, दुमची, जीन, खोगीर, खुर्जी. यातले बहुतेक फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की परके वाटेनासे झाले. खोगीर हा शब्द पाहा. मूळ फारसीत त्याचा अर्थ ‘घाम टिपणारा’. घोड्याची पाठ आणि वरचं जीन यांच्यामध्ये घालायची जाड गादी ती खोगीर. आपण मराठीत पुढे संपूर्ण बैठकीलाच खोगीर म्हणू लागलो. या गादीच्या आत चिंध्या, काथ्या, जुने कपडे, हाताला येईल ते भरायचे. त्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. निरुपयोगी माणसांची किंवा मजकुराची भरताड म्हणजे खोगीरभरती! पण गंमत अशी, की घोड्याच्या दृष्टीने ही भरती मुळीच निरुपयोगी नव्हती. ती नीट नसेल तर घोड्याच्या पाठीला जखम व्हायची, आणि पाठ गेलेला घोडा कितीही उमदा असला तरी त्याचा स्वाराला उपयोग शून्य.

हे सगळं सामान शिवणारे कारागीर म्हणजे जीनगर. जीन करतो तो जीनगर. चामडं कापणं, शिवणं, कोरणं, कापडाची भरती करणं, धातूच्या कड्या बसवणं, ही सगळी कामं त्यांच्या हातात होती. मराठी सत्तेबरोबर मोठी घोडदळं गेली आणि या कारागिरांचं मुख्य गिऱ्हाईकच गेलं. मग कुणी पुस्तकबांधणी धरली, कुणी मूर्ती घडवल्या, कुणी धातूकामात गेलं. आडनावात आणि समाजाच्या नावात जीन शिल्लक राहिलं.

मराठ्यांच्या घोडदळाची ताकद कशात होती? एका शब्दात सांगायचं तर हलकेपणात. स्वाराबरोबर मोजकी शिदोरी, घोड्याचा तोबरा, एखादं कांबळं, संपलं. जे लागेल ते वाटेत मिळवायचं. त्यामुळे मोगलांच्या जडशीळ छावण्यांना मराठा स्वार चकवू शकत. आणि हीच गोष्ट उलटी झाली तेव्हा काय झालं, तेही आपल्याला ठाऊक आहे. १७६१ च्या पानिपतावर लढणाऱ्या फौजेच्या मागे बुणग्यांचा प्रचंड लवाजमा होता. यात्रेकरू होते, बायकापोरं होती, बाजार होता. पराभवाची कारणं अनेक आहेत, पण हे ओझं त्यातलं एक होतं हे इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. किती न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही, हा प्रश्न मोहिमेत मोठा असतो.

पण श्रोतेहो, ओझ्याचा खरा जाणकार घोडेस्वार नव्हता. तो होता लमाण. घाटावरून कोकणात धान्य, गूळ, कापूस, मिरची उतरायची आणि कोकणातून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर चढायची. गाडीरस्ता नसलेल्या काळात हा सगळा व्यवहार बैलांच्या पाठीवर चाले, आणि त्यात मोठा वाटा लमाणांच्या तांड्यांचा. सतराव्या शतकात हिंदुस्थानात हिंडलेला फ्रेंच जवाहीर ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहिलं आहे. एका बैलावर तीनशे ते साडेतीनशे लिव्र ओझं असे, असं तो सांगतो. आजच्या मापात हे साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलो होतं. १८०३ साली आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, दख्खनमध्ये लढत होता तेव्हा त्याच्या फौजेचं धान्यसुद्धा या तांड्यांवर अवलंबून होतं.

हे ओझं भरायचं गोणीत. हीच गोणी इंग्रजांनी उचलली आणि ‘गनी बॅग’ केली. दोन गोणी एकमेकींना जोडून बैलाच्या पाठीवर टाकल्या की झाली बैलाची खुर्जी. ऐकायला सोपं वाटतं. पण दीडशे किलो ओझं घेऊन तो बैल पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून हेळवाकला पोचायचा, आणि तेही शेकडो बैलांच्या रांगेत. एकाची गोणी घसरली तर मागची रांग अडायची. अरुंद वाटेवर एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथे तोल चुकला तर माल आणि जनावर दोन्ही जायचं.

म्हणून लादण्याचे नियम ठरून गेले होते. पहिला नियम, दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या. एक बाजू हलकी वाटली तर त्या बाजूला आणखी काही घालून का होईना, तोल साधायचा. दुसरा नियम, ओझं अंगालगत. लोंबतं ओझं प्रत्येक पावलाला हेलकावा देतं आणि जनावराला दमवतं. तिसरा, ओझं कण्यावर टेकता कामा नये, फासळ्यांच्या दोन्ही अंगांवर पसरलं पाहिजे. चौथा, गोणीखाली जाड घडी हवी आणि ती रोज झटकून, तपासून घालायची. एक खडा, एक काटा, दोरीची एक गाठ, एवढं पुरे असतं. दोन दिवसांत पाठीला चट्टा पडतो, चार दिवसांत जखम होते. आणि पाचवा नियम, मुक्कामाला पोचल्याबरोबर ओझं उतरवायचं. तांडा दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालायचा. बाकीचा वेळ बैल चरत. यात आळस नव्हता, हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकात घाटांतून गाडीरस्ते झाले. १८६३ मध्ये भोर घाटातून आगगाडी चढली. दोन बैल पाठीवर जेवढं नेत त्याच्या कितीतरी पट ते गाडीला जुंपल्यावर ओढतात. हळूहळू पाठीवरची वाहतूक मोडली. पाठोपाठ मोठ्या जहाजांनी आणि रेल्वेने मुंबईचं बंदर वाढवलं आणि दाभोळ-अंजनवेलसारखी खाडीमुखं मागे पडली. ज्यांच्या जिवावर दख्खनचा बाजार चालला, त्या लमाणांचा धंदा एका-दोन पिढ्यांत गेला. वर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का मारायला सुरुवात केली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेले. शेकडो वर्षांचं वाहतुकीचं शास्त्र ज्यांच्याकडे होतं त्यांच्या वाट्याला हे आलं. त्यांचं ते शास्त्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता खुर्जी या शब्दाच्या दुसऱ्या वाटेकडे वळू. अरबीत मूळ शब्द आहे ‘खुर्ज’. तो पूर्वेकडे आला आणि फारसीतून मराठीत खुर्जी झाला. तोच शब्द पश्चिमेकडेही गेला. आठव्या शतकात अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि पुढची कित्येक शतकं तिथे त्यांची राज्यं होती. स्पॅनिश भाषेने अरबीतला ‘अल्-खुर्ज’ उचलला आणि त्याचा ‘अल्फोर्हा’ केला. पोर्तुगीज भाषेत तोच ‘अल्फोर्ज’ झाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने दाभोळ जाळलं, लुटलं. म्हणजे पाहा, त्या दिवशी किनाऱ्यावर एकमेकांचा जीव घेणाऱ्या दोन्ही बाजूंकडे पाठीवरच्या पिशवीला एकाच मुळाचा शब्द असला पाहिजे!

स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात मेक्सिको जिंकलं, तिथे घोडे नेले, खोगीर नेलं आणि हा शब्दही नेला. मेक्सिकोच्या गुराख्यांकडून तो टेक्ससच्या काउबॉयकडे गेला. अमेरिकेच्या पश्चिम भागात खेचराच्या दोन्ही अंगांना लावायच्या पिशव्यांना आजही या नावाने ओळखतात. १८५९ मध्ये अमेरिकी सैन्याने मॅक्लेलन नावाचं खोगीर स्वीकारलं, त्याला मागे चामडी पिशव्यांची जोडी लावत. १८६० मध्ये तिथे पोनी एक्सप्रेस ही घोड्यावरची टपाल सेवा सुरू झाली. तिचे स्वार खोगिरावर चार कप्प्यांचं एक चामडी आवरण टाकत. ठाण्यावर घोडा बदलायचा, आवरण उचलून दुसऱ्या घोड्यावर टाकायचं आणि निघायचं. टपालाचं वजन सुमारे नऊ किलोवर जाऊ द्यायचं नाही, हा नियम. ही सेवा दीड वर्षात तारायंत्राने बंद पाडली, पण ती पिशवी लोकांच्या मनात घर करून बसली.

पुढे १९०३ मध्ये मिलवॉकी शहरात हार्ली-डेव्हिडसन ही कंपनी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकी सैन्याला हजारो मोटरसायकली पुरवल्या. त्यांच्या मागच्या चाकाला घोडदळाच्याच धर्तीच्या चामडी पिशव्या असत. युद्ध संपलं, गाड्या नागरिकांच्या हाती आल्या, आणि लांबच्या एकाकी रस्त्यावरचा आधुनिक घोडेस्वार अशी एक प्रतिमा तयार झाली. झालर लावलेलं चामडं, पितळी बकल, बसकी बैठक. क्रूझर मोटरसायकल म्हणजे ती प्रतिमाच. घोडा गेला, खोगीरही गेलं, पण पिशवीच्या नावात अजून ‘सॅडल’ आहे!

आपल्याकडे काय झालं? १९५० च्या दशकात भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी रॉयल एनफिल्डची बुलेट निवडली आणि १९५५ मध्ये मद्रासला तिच्या निर्मितीची व्यवस्था झाली. पण महाराष्ट्राच्या खेड्यांत दोन बाजूंना ओझं लादण्याची विद्या मोटरसायकलवर आणली ती दूधवाल्यांनी. राजदूत नाहीतर येझदी, मागच्या सीटवरून आडवी टाकलेली लोखंडी चौकट आणि दोन्ही अंगांना दुधाच्या मोठ्या किटल्या. गावठी फॅब्रिकेटरने वेल्डिंग करून दिलेली ती चौकट कोणत्याही परदेशी कंपनीच्या कॅटलॉगात शोभेल अशी असते. दूधवाला एकाच बाजूची किटली कधी पूर्ण रिकामी करत नाही. डावीकडचं थोडं, उजवीकडचं थोडं, असं करत जातो. त्याला हे कुणी शिकवलं नाही. तोल गेला की दूध सांडतं, आणि सांडलेलं दूध हा उत्तम शिक्षक असतो.

मग २००१ मध्ये पुण्याच्या बजाजने कावासाकीच्या सहकार्याने एलिमिनेटर ही क्रूझर बाजारात आणली. त्याच सुमारास रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आणि यामाहाची एन्टायसर आली. २००५ मध्ये बजाजची अॅव्हेंजर आली आणि मध्यमवर्गीय तरुणाला परवडेल अशी क्रूझर मिळाली. २०१० मध्ये हार्लीच्या गाड्या इथे विकायला लागल्या. २०२० मध्ये त्या कंपनीने इथला कारखाना बंद केला आणि हीरोशी भागीदारी केली. त्याच वर्षी एनफिल्डची मीटिअर आली. शनिवारी निघून रविवारी परतायचं, कुंभार्ली नाहीतर ताम्हिणी उतरून समुद्र गाठायचा, ही नवी यात्रा सुरू झाली. अशा रीतीने अरबस्तानातून पश्चिमेला गेलेली खुर्जी स्पेन, मेक्सिको, अमेरिका असं जग फिरून वाशिष्ठीच्या मुखावर आली. पूर्वेकडून आलेली तिची बहीण तिथे आधीच येऊन गेली होती.

आता या नव्या खुर्जीकडे लमाणाच्या नजरेने पाहू या. तो पहिल्यांदा जनावराची पाठ पाहील. क्रूझरची पाठ म्हणजे मागचं मडगार्ड, दोन्ही बाजूंचे शॉकअॅब्सॉर्बर, इंडिकेटर, उजव्या बाजूला खालून जाणारा सायलेन्सर आणि डावीकडे साडी गार्ड. हे साडी गार्ड आपल्याकडचं वैशिष्ट्य. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ते आलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी अशी सोय बंधनकारक केलेली आहे. बॅग बसवायची म्हणून ते काढून टाकणारे महाभाग आहेत. तसं मुळीच करू नये. उलट, डाव्या पिशवीला आतून टेकायला ते आयतं मिळतं. उजव्या बाजूला मात्र असा आधार बहुधा नसतो, तो लोखंडी दांडीचा करून घ्यावा लागतो. कारण आधार नसलेली मऊ पिशवी वळणावर आत झुलते, आणि आत असतं फिरतं चाक. पट्टा चाकात गेला की चाक जागच्या जागी अडकतं. बैल निदान अडखळला असता. इथे स्वार रस्त्यावर असतो.

जागा मोजायची ती रिकाम्या गाडीवर नाही. मागे एक माणूस बसवा, मग बघा. शॉकअॅब्सॉर्बर दबले की चाक वर येतं आणि मघाशी दिसलेली फट नाहीशी होते. सायलेन्सर आणि पिशवीचा तळ यांत निदान चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. रेक्झिन वितळतं, चामडं करपतं, आणि आतला कपडा पेटूही शकतो. इंडिकेटर, मागचा दिवा आणि नंबरपाटी झाकली जात असेल तर पिशवी नाहीतर इंडिकेटरची जागा बदलली पाहिजे. मागच्या माणसाचे पाय फूटरेस्टवर नीट टेकतात का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

पिशवी दोन तऱ्हेची. एक सीटवरून आडवी टाकायची, पट्ट्यांनी बांधायची. ही खरी खुर्जी. मुक्कामाला काढून खोलीत नेता येते, किंमत कमी, पण पट्टे सैल होतात आणि खालचा रंग घासून जातो. तिच्याखाली जुन्या फडक्याची घडी घालणारा माणूस नकळत खोगीरभरतीच करत असतो, आणि ती अगदी योग्य असते. दुसरी तऱ्हा म्हणजे गाडीच्या सांगाड्याला चौकट बोल्टने बसवून त्यावर लावायची पेटी. मजबूत, कुलूप लागणारी, पण जड आणि रुंद. ही रुंदी शहरातल्या हमरस्त्यावर जाणवत नाही. अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला, दोन गडग्यांमधल्या वाटेत, समोरून एसटी आली की जाणवते. हँडल पार झालं म्हणजे गाडी पार झाली, असं पेटीवाल्याने समजू नये.

कोकणात आणखी दोन शत्रू आहेत, पाऊस आणि खारा वारा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चामडं दिसायला सुरेख, पण श्रावणात त्यावर बुरशी धरते. चामडंच हवं असेल तर पावसाळ्याआधी तेल लावून ठेवणं आणि वर रेनकव्हर घेणं आलं. नाहीतर जाड कॅनव्हास किंवा ताडपत्रीसारखं कापड बरं. आतलं सामान प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावंच. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट एका मोसमात गंजतात, तेव्हा ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि नटाखाली वॉशर घालायला विसरू नये.

मग भरायचं कसं? जड वस्तू तळाशी आणि पुढच्या अंगाला, म्हणजे स्वाराच्या जवळ. हलके कपडे वर. हत्यारं आणि पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, कपडे दुसऱ्या बाजूला, अशी सोयीची वाटणी करू नये, कारण मग एक बाजू सात किलो आणि दुसरी दोन किलो होते. साधा ताणकाटा घेऊन दोन्ही बाजू तोलाव्यात. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जड ओझं गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि वेग वाढल्यावर हँडल थरथरायला लागतं. पिशवीवर लिहिलेली वजनाची मर्यादा आणि गाडीच्या पुस्तिकेतली एकूण ओझ्याची मर्यादा, दोन्ही पाळाव्यात. त्यात मागे बसणाऱ्याचं वजनही धरायचं असतं. ओझ्याप्रमाणे टायरमधली हवा किती हवी, तेही त्याच पुस्तिकेत असतं. आणि निघाल्यावर पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा, प्रत्येक बोल्ट हाताने ओढून पाहायचा. चिपळूणहून निघालात तर घाट चढण्याआधी पोफळीला पाहा. तांडेही घाटाच्या पायथ्याशी गोणी आवळूनच वर चढत असणार.

श्रोतेहो, जुन्या ओझेकऱ्याला आणि आजच्या स्वाराला नियम तेच आहेत. सारखा तोल, अंगालगत ओझं, घासू नये अशी बैठक, आणि रोजची तपासणी. फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. बैलावर ओझं वाकडं लादलं तर बैल चालेना व्हायचा, मान झाडायचा, खाली बसायचा. त्याची पाठ रक्ताळली की मालकाला ती दिसायची. चूक सांगायला पाठीखालचं जनावर जिवंत होतं. यंत्र तक्रार करत नाही. वाकडं लादलेली मोटरसायकलही ऐंशीच्या वेगाने निमूट पळत राहते, आणि तिची पहिली तक्रार हीच शेवटची ठरू शकते. म्हणून बैलाच्या वाट्याचं ते सांगण्याचं काम आता स्वारानेच स्वतःसाठी करायचं आहे.

आणि एक. पिशवी जेवढी मोठी घ्याल तेवढी ती भरतेच. रिकामी जागा माणसाला पाहवत नाही. दोन दिवसांच्या वाटेला चार दिवसांचे कपडे, कधीच न लागणारी हत्यारं, परतताना आणखी दोन किलो काजू आणि कोकम. हीच ती दुसऱ्या अर्थाची खोगीरभरती. जाताना खुर्जी अर्धीच भरा. येताना गुहागरच्या बाजारातलं कोकम बसायला जागा राहील, आणि ते दोन्ही बाजूंना सारखं वाटून ठेवा.